स्वतः बसून पाहिलं

"जगातली सगळ्यात जलद लिफ्ट आपल्या गावात आहे आणि कुणाला पत्ताच नाही," आशूर म्हणाला आणि त्यानं वेलदोड्याच्या बनचा भलामोठा घास घेतला.

दुपारच्या कॉफीला टेबलाभोवती पाच-सहा जण जमले होते. सगळे हसले. बारब्रोही हसली. कशाबद्दल चाललंय ते तिला अजून कळलं नव्हतं.

"नव्या मार्गावरचं स्टेनबाका स्टेशन, दक्षिणेचं दार, हॉस्पिटलची बाजू," आशूरनं घास गिळून पुढं सांगितलं. "फलाटापासून रस्त्यापर्यंत चौऱ्याऐंशी मीटर, अठ्ठेचाळीस सेकंद! उत्तरेच्या लिफ्टनं मी स्वतः गेलो, तेवढ्याच उंचीला मला बासष्ट लागले. अगं बारब्रो, तू लिफ्टनं गेलीस की तोफेतून उडालीस?"

आता बारब्रोला कळलं. 

"घड्याळ उशिरा दाबलं असेल," ती म्हणाली.

"जातानाही आणि येतानाही?"

"म्हातारी झाले रे. बोटं वळत नाहीत पूर्वीसारखी."

"चौदा सेकंदांसाठी तिचं डोकं काय खातोस," पेर्निला म्हणाली. पेर्निला ऑफिसची प्रमुख, आणि तिला कॉफीच्या वेळी कामाचं बोललेलं मुळीच खपत नसे. "नकाशा गोठवलाय. आता जे काही बदलायचं असेल ते शनिवारच्या उद्घाटनानंतर. अजून कॉफी कुणाला?"

विषय संपला. म्हणजे बाकीच्यांचा संपला. बारब्रो कॉफी न संपवताच आपल्या जागेवर गेली.

स्टिगेन ही चौदा माणसांची कंपनी. स्टॉकहोममधली माणसं मेट्रोनं जाताना, पूर्वी कागदावर आणि आता फोनवर, ज्या नकाशाकडे बघत चालतात, तो नकाशा ही चौदा माणसं करत. कुठल्या डब्यात बसलं की जिना बरोबर समोर येतो, कुठल्या दारानं बाहेर पडलं की बस मिळते, असली माहिती त्यात भरलेली असे. आणि ज्यांना एकही पायरी चढता येत नाही त्यांनी कुठून कसं जायचं, हेही. हे शेवटचं खातं एकतीस वर्षं बारब्रो लिंडेलकडे होतं. तिच्या तक्त्यात प्रत्येक लिफ्टची एक ओळ, आणि ओळीच्या टोकाला एक रकाना: स्वतः बसून पाहिलं. हा रकाना तिनंच घालून घेतला होता. बांधणाऱ्यांचे आराखडे काय वाटेल ते सांगतात, लिफ्टमध्ये आपण बसायचं, वर जायचं, खाली यायचं, दोन्ही वेळा घड्याळ लावायचं आणि मगच खूण करायची. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ती हे बोट वर करून सांगायची. आशूरलाही तिनंच सांगितलं होतं.

स्टेनबाका दक्षिणच्या ओळीत तिची खूण होती. आणि त्या लिफ्टमध्ये ती बसली नव्हती.

अठ्ठेचाळीस हा आकडा तिनं आराखड्यावरून काढला होता. उंची भागिले वेग, सोपा भागाकार. दारं उघडायला-मिटायला लागणारा वेळ तिच्या लक्षातच आला नाही. कागदावरच्या लिफ्टला दारं नसतात.

अकरा वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, एका जुन्या स्टेशनची तपासणी करताना बारब्रो लिफ्टमध्ये अडकली होती. दोन तास चाळीस मिनिटं. दिवा गेला. भिंतीतल्या फोनवरची बाई पहिल्यांदा म्हणाली, माणूस निघालाय. दुसऱ्यांदाही तेच म्हणाली. तिसऱ्यांदा फोन कुणी उचललाच नाही. शेवटी दार उघडलं तेव्हा बारब्रोची पँट ओली होती. दुरुस्तीला आलेल्या माणसानं एक शब्द न बोलता आपलं जाकीट काढून दिलं आणि तिनं ते कमरेला बांधलं. ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? एक पन्नास वर्षांची बाई, दुसरं काय.

पण त्या दिवसापासून लिफ्टचं दार बघितलं की तिच्या तळहातांना घाम फुटायचा. सुरुवातीला ती डोळे मिटून जायची. नंतर बरोबरच्या कुणाला तरी लिफ्ट द्यायची आणि आपण जिने घ्यायची. मग एकदा, फक्त एकदाच म्हणून, तिनं न बसता खूण केली. कुणाचं काही बिघडलं नाही. लिफ्ट जिथं लिहिली होती तिथंच होती. त्यानंतर अशा किती खुणा झाल्या, ते तिनं मोजायचंच टाळलं.

स्टेनबाकाला ती सरकत्या जिन्यानं उतरली होती. खाली फलाटावर लिफ्टचं दार पाहिलं. वर हॉस्पिटलसमोर काचेच्या खोलीत लिफ्टचं दार पाहिलं. खाली एक दार, वर एक दार. मध्ये लिफ्टच असणार की.

असणारच, ती त्या दुपारी संगणकासमोर बसून स्वतःला सांगत होती. पण बासष्ट आणि अठ्ठेचाळीस हे दोन आकडे तिच्या डोक्यातून हलेनात.

त्याच संध्याकाळी इमारतीच्या सामाईक धुलाईखोलीत तिला स्टेलान भेटला. गुरुवारी सहा ते आठ तिची पाळी, चार ते सहा त्याची, त्यामुळे दर आठवड्याला दोघांची दारात गाठ पडायची. स्टेलान तळमजल्यावर राहायचा. चाळीस वर्षं बंदरातल्या क्रेनवर काढलेला माणूस, चौऱ्याहत्तर वर्षांचा, आणि गेली चार वर्षं विजेवर चालणाऱ्या खुर्चीत. एका बाजूचा हात-पाय अर्धांगानं गेला होता, जीभ मात्र पूर्वीइतकीच चालत होती.

"ये ये, नकाशेवाली," तो म्हणाला. मांडीवर घड्या केलेल्या टॉवेलांची चळत होती आणि तिच्यावर फोन. "हे बघ. मी सगळं ठरवलंय. शनिवारी दहा बावीसची गाडी, आपल्या एकलीदेनहून. दहा अडतीसला स्टेनबाका. दक्षिणेची लिफ्ट. दहा पंचेचाळीसला मी गुनवोरच्या दारात!"

गुनवोर त्याची बायको. हॉस्पिटलला लागून असलेल्या वृद्धांच्या घरात तिला दीड वर्षापूर्वी ठेवलं होतं. तिची स्मृती गेली होती, पण सगळी गेली नव्हती. सकाळची कॉफी झाली की तासभर ती जागी व्हायची. स्टेलानला नावानं हाक मारायची, शेजारपाजारचं विचारायची. साडेअकराला जेवण, आणि जेवणानंतर पुन्हा सगळं पुसलं जायचं.

"टॅक्सीवाले मला त्या तासात कधी पोचवत नाहीत," स्टेलान म्हणाला. महापालिकेच्या अपंगांच्या टॅक्सीबद्दल तो बोलायला लागला की थांबत नसे, पण आज थांबला. "मार्चनंतर तिनं मला ओळखलेलं नाही. म्हणजे ओळखते गं, पण तेव्हा मी तिथं नसतो. आता काल फोनवर नर्सला सांगितलंय, तिला सांगा शनिवारी मी कॉफीलाच येतोय."

बारब्रोनं मशीनमध्ये कपडे कोंबले. 

"पहिल्या दिवशी कशाला जातोस?" ती म्हणाली. "किती गर्दी असेल. सोमवारी जा ना."

"दीड वर्ष वाट बघितली. अजून दोन दिवस बघू म्हणतेस?"

"मग मी येते तुझ्याबरोबर."

"मुळीच नाही! चार वर्षांत एक ठिकाण दाखव जिथं मी एकटा गेलोय. कुणीतरी आपलं मागं असतंच, खुर्चीला हात लावून. शनिवारी मी एकटा जाणार, फुलं घेऊन, नवऱ्यासारखा." त्यानं फोन तिच्या नाकासमोर धरला. निळ्या रेघेवर खुर्चीचं छोटं चित्र होतं, फलाटापासून रस्त्यापर्यंत. "आणि काळजी कशाला? हा नकाशा तुझा. तू बसून पाहिलंयस ना यात?"

मशीन सुरू झालं. त्याच्या आवाजात एखादं उत्तर बुडून गेलं असतं तर बरं झालं असतं, पण स्टेलान तिच्या तोंडाकडे बघत होता.

"हो," बारब्रो म्हणाली.

त्या रात्री तिला झोप लागली नाही, हे सांगायला नको.

शुक्रवारी सकाळी तिनं आशूरला गाठलं. त्याला म्हणावं, जाऊन ये रे एकदा स्टेनबाकाला, बसून ये त्या लिफ्टमध्ये. तो हसत गेला असता. पण जाण्याआधी त्यानं विचारलं असतं, का? तू बसलीयस ना? आणि त्या प्रश्नाला तिच्याकडे एकच खरं उत्तर होतं, आणि ते उत्तर दिलं की एकतीस वर्षं गेली. मागची प्रत्येक खूण खोटी ठरली. तिनं आशूरला विचारलं, स्टेपलर आहे का. त्यानं स्टेपलर दिला.

दुपारी ती ओळखपत्र दाखवून एकटीच स्टेनबाकात उतरली. सरकते जिने चालू होते, गाड्या रिकाम्या धावत होत्या. खडक फोडून केलेला तो लांबलचक फलाट दिव्यांनी लखलखत होता आणि माणूस नव्हतं. बारब्रो लिफ्टपुढं उभी राहिली. आज बसायचंच. दीड-दोन मिनिटांचा प्रश्न आहे. वर गेली तर लिफ्ट बरोबर, आपण सुटलो, स्टेलान सुटला.

तिनं बटण दाबलं. दार उघडलं. आत स्वच्छ, उजेडाची, चांगली मोठी खोली होती. बारब्रोचा उजवा पाय उचलला गेला आणि तिथंच राहिला. छाती अशी धडधडायला लागली की तिला वाटलं, आपल्याला इथंच काहीतरी होणार आणि उद्या सकाळपर्यंत कुणाला कळणार नाही. दार मिटलं. तिनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दार उघडलं, पुन्हा मिटलं. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून पाऊल टाकलं. बोटांना दाराची थंड कड लागली आणि ती गर्रकन मागं फिरली, धावत सरकत्या जिन्यावर चढली, आणि वर रस्त्यावर आल्यावर बाकावर बसून लहान मुलीसारखी रडली.

समोर काचेच्या खोलीत ते वरचं दार दिसत होतं. दारच की ते. असणारच लिफ्ट.

शनिवारी दहा वाजता मार्ग खुला झाला. उत्तरेच्या दाराला फीत होती, बँड होता, मोफत सरबत होतं, आणि सगळी गर्दी तिकडंच होती. दक्षिणेच्या टोकाला बारब्रो एकटी उभी होती. स्टेलान यायच्या आत आपण बसून यायचं, असं ठरवून ती घरातून निघाली होती. दहा-पाचला तिनं बटण दाबलं. दहा-वीसला पुन्हा दाबलं. दहा अडतीसची गाडी आली तेव्हा ती जिथं होती तिथंच होती.

स्टेलान खाली उतरला. अंगात लग्नकार्याचा कोट, मांडीवर कागदात गुंडाळलेली पिवळी फुलं. दाढी गुळगुळीत. त्यानं तिला पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पाळत ठेवतेस होय माझ्यावर?"

"नाही रे, कामावर आहे मी," बारब्रो म्हणाली. "स्टेलान, ऐक..."

"नंतर ऐकतो. दहा चाळीस झाले."

त्यानं बटण दाबलं, दार उघडलं, खुर्ची आत गेली. आत गेल्यावर त्यानं ती सफाईनं वळवली आणि तिला हात केला. दार मिटायला लागलं.  आणि मग काय झालं ते बारब्रोला पुढंही कधी नीट सांगता आलं नाही. तिनं दारात पाय घातला, दार थबकलं, आणि ती आत होती.

दार मिटलं. लिफ्ट उचलली गेली.

तिनं भिंतीची दांडी धरली. कानात दडे बसले. अंगातलं रक्त कुणी ओढून घेतल्यासारखं तिला झालं. आता थांबेल, आता दिवा जाईल, आता.

"बारब्रो, तू पांढरीफटक पडलीयस," स्टेलान म्हणाला. "काय होतंय?"

 लिफ्ट थांबली. मागच्या बाजूचं दार उघडलं.

बाहेर रस्ता नव्हता. सूर्यप्रकाश नव्हता, हॉस्पिटल नव्हतं. ओल्या सिमेंटचा वास येणारं एक बिनखिडकीचं दालन होतं. सरकते जिने वेगळ्याच भुयारातून जात, त्यामुळे हे दालन जिन्यावरून दिसतच नसे. समोर पायऱ्या होत्या. पायऱ्यांच्या वर, पलीकडच्या भिंतीत, दुसऱ्या लिफ्टचं दार होतं. पायऱ्यांच्या कडेनं भिंतीत बोल्ट बसवलेले होते, त्यांच्यावर नारिंगी टोप्या. खुर्ची वर चढवणारा पाळणा तिथं पुढं कधीतरी बसणार होता.

स्टेलान खुर्ची पायऱ्यांपर्यंत घेऊन गेला.

"नऊ," तो म्हणाला. मग त्यानं फोन बघितला. "हा म्हणतोय, सरळ जा. पोचलात." त्यानं फोन कोटाच्या खिशात ठेवला. "तू बसली होतीस ना यात? परवा मी विचारलं तेव्हा हो म्हणालीस."

"नव्हते बसले."

"मग?"

"मला लिफ्टची भीती वाटते, स्टेलान. अकरा वर्षं झाली. मी न बसताच खूण केली. आणि तुझ्या तोंडावर खोटं बोलले."

ती भिंतीला टेकून खाली बसली. तो ओरडला असता तर तिला सोसलं असतं. पण तो त्या नऊ पायऱ्यांकडे बघत होता, आणि त्याचा चांगला हात फुलांच्या कागदाशी चाळा करत होता.

"भीती वाटते तर सांगायचं ना गं," तो शेवटी म्हणाला. "आमच्या क्रेनवर काय घाबरणारे कमी होते? सांगायचे आणि खाली उतरायचे. कुणी हसायचं नाही."

"मी उचलू का? दोघं-तिघं बोलावते..."

"एकशे चाळीस किलोची खुर्ची आहे ही. मला धरून अडीचशे." त्यानं घड्याळ बघितलं. "आधी तुझ्या ऑफिसला फोन कर. मी एकटाच नाही तुझ्या नकाशावर विसंबून निघालेला."

पेर्निला उत्तरेच्या दाराशी, बँडच्या शेजारी उभी होती. बारब्रोला फोनवर दोनदा ओरडून सांगावं लागलं. दक्षिणेची खुर्चीची वाट काढून टाक. मध्ये पायऱ्या आहेत. हो, नऊ. नाही, मी बसले नव्हते. खूण खोटी आहे.

"का पण?" पेर्निलाचा आवाज आला. "बारब्रो, तू? का?"

"भीती वाटते म्हणून."

 मग पेर्निला म्हणाली, "गोठवलेला नकाशा उघडायला दोन सह्या लागतात. लोकांच्या फोनवर बदल दिसायला अर्धा-पाऊण तास. तोवर खालच्या दारापासून हलू नकोस."

ती स्टेलानबरोबर खाली आली. लिफ्टनंच आली, दुसरी वाटच नव्हती. उतरताना स्टेलाननं तिच्याकडं बघितलं नाही. पुढच्या स्टेशनला, क्वार्नेंगेनला, सरळ रस्त्यावर नेणारी लिफ्ट होती. ती आशूरनं पाहिली होती. तिथून हॉस्पिटल दोन किलोमीटर मागं, चढाच्या रस्त्यानं.

"मी येते. चढावर ढकलायला तरी."

"नको," स्टेलान म्हणाला. "तू इथं उभी राहा. अजून लोक येतील."

गाडी आली आणि तो गेला. काचेतून त्याची पाठ दिसली.

लोक आले. जुळ्यांची ढकलगाडी घेतलेली एक आई आली. चाकांच्या वॉकरवर रेलत एक म्हातारा आला, त्याला अकराला डॉक्टरांकडे पोचायचं होतं. खुर्चीत बसलेली एक तरुण मुलगी आली, एकटीच. बारब्रो प्रत्येकापुढं हात आडवा करून उभी राहिली.

"ही वर जात नाही. मध्ये पायऱ्या आहेत. पुढच्या स्टेशनला जा."

"नकाशात तर आहे," मुलगी फोन दाखवत म्हणाली.

"चुकीचं आहे. मीच लिहिलंय."

मुलीनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे तुम्ही लोक बघतसुद्धा नाही?" ती म्हणाली.

"मी बघितलं नव्हतं," बारब्रो म्हणाली. 

साडेअकराला आशूर लाल-पांढऱ्या पट्टीचं भेंडोळं घेऊन आला. नकाशात वाट करडी झाली होती. बांधणाऱ्यांच्या शिल्लक कामांची यादी त्यानं शोधून काढली होती, अकराव्या पानावर एक ओळ होती: मधल्या दालनातला पाळणा शरद ऋतूत. ती यादी नकाशेवाल्यांना कुणी पाठवलीच नव्हती. असल्या गोष्टींसाठीच तर तो रकाना होता. त्यानं दारावर आडवी-तिडवी पट्टी बांधली. 

"पेर्निला म्हणते, सोमवारी नऊला ये," तो म्हणाला. "तुझ्या अकरा वर्षांच्या सगळ्या लिफ्ट पुन्हा बघायच्या आहेत. आम्ही वाटून घेतोय."

"हो."

"मला सांगायचंस ना. कॉफीच्या आधी जाऊन आलो असतो."

"माहीत होतं मला," बारब्रो म्हणाली.

तो गेला. पट्टी लागली होती, नकाशा सुधारला होता, तिचं तिथं काही काम उरलं नव्हतं. तरी ती हलली नाही. पट्टी सुटली तर? कुणी जुनाच नकाशा उघडून आलं तर? दोन वाजेपर्यंत ती दारापाशी उभी होती, आणि अजून तीन जणांना तिनं परत पाठवलं.

दोन वाजून गेल्यावर क्वार्नेंगेनकडून आलेल्या गाडीतून स्टेलान उतरला. फुलं नव्हती. कोटाच्या कॉलरला घामाचा डाग होता. एका चढावर खुर्चीची बॅटरी दमली आणि कुणा पोस्टमननं ढकललं, हे त्यानं कोरडेपणानं सांगितलं.

"भेटली?"

"जेवण झालं होतं तिचं," स्टेलान म्हणाला. "नर्स म्हणाली, सकाळी अकरापर्यंत दाराकडे बघत बसली होती. केस विंचरून घेतले होते." त्यानं कोटाची कॉलर चाचपली. "मला विचारलं, माझी आई कधी येणार. म्हटलं, संध्याकाळी."

बारब्रोला माफी मागायची होती. पण माफी मागून त्याला तो तास मिळणार नव्हता, आणि हे तिला इतकं लख्ख दिसत होतं की तिनं तोंड उघडलं नाही.

"चल घरी," तो म्हणाला. "इथं काय पहारा देणारेस रात्रभर?"

गाडीत दोघं समोरासमोर बसले. उद्घाटनाचे फुगे घेतलेली पोरं डब्यात धुडगूस घालत होती. तीन स्टेशनं गेल्यावर स्टेलान खिडकीकडं बघत म्हणाला, "पुढच्या शनिवारची टॅक्सी सांगून ठेवलीय."

"बरं केलंस," बारब्रो म्हणाली. 

एकलीदेनला ते उतरले. इथं एकच लिफ्ट होती, दोन मजल्यांची, फलाटापासून थेट रस्त्यावर. सकाळी स्टेलान तिच्यातूनच खाली आला होता. त्यानं खुर्ची दारासमोर नेली आणि बटणाकडं हात केला. मग तो हात तसाच ठेवून थांबला. बटण दाबेना.

बारब्रो त्याच्या शेजारून पुढं झाली.

"थांब जरा," ती म्हणाली. "मी बघून येते."

तिनं बटण दाबलं. दार उघडलं आणि ती आत गेली, एकटी. दांडी दोन्ही हातांनी धरली. दार मिटताना तिला बाहेर स्टेलान दिसत होता, खुर्चीत ताठ बसलेला, नजर तिच्यावर. मग तो दिसेनासा झाला. भीती तसूभरही कमी झालेली नव्हती. वर दार उघडलं. रस्ता होता. बसथांबा होता, एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती. बारब्रो बाहेर पाऊल टाकून उभी राहिली, नीट बघून घेतलं, आणि पुन्हा आत गेली.

खाली दार उघडलं तेव्हा स्टेलान तिथंच होता.

"ही वर जाते," बारब्रो म्हणाली आणि दाराला हात लावून बाजूला झाली.

स्टेलाननं खुर्ची आत घेतली.